रस्ता चुकला तरी मौन

एक्सएमएल ही माहिती खुणांच्या साहाय्याने लिहिण्याची पद्धत १९९८ साली प्रमाणित झाली. शाळेचा निकाल या पद्धतीने लिहायचा तर 'शाळा' या खुणेच्या पोटात 'वर्ग', वर्गाच्या पोटात 'विद्यार्थी' आणि त्याच्या पोटात 'नाव' व 'गुण' अशी वंशवृक्षासारखी मांडणी होते. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. या वृक्षातून हवे तेवढेच वेचून काढण्यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये एक्सपाथ ही छोटीशी भाषा आली. जेम्स क्लार्क आणि स्टीव्ह डीरोझ हे तिच्या प्रमाण मसुद्याचे संपादक. या भाषेच्या गुणदोषांचा येथे विचार करू.

आधी गुण पाहू. उत्तीर्णांची नावे हवी असतील तर एवढेच लिहायचे :

/शाळा/वर्ग/विद्यार्थी[गुण >= ३५]/नाव

तिरकी रेघ म्हणजे एक पायरी खाली. चौकटी कंसात अट. (संगणकाला देताना ३५ हा आकडा मात्र आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावा लागतो.) कसे शोधायचे हे सांगावे लागत नाही, काय हवे तेवढे सांगितले की पुरे. पत्ता लिहिता येणाऱ्या कोणालाही ही भाषा तासाभरात समजेल. हे यश लहान नव्हे.

दोष आहे तो तिच्या मौनात. समजा, आपण 'विद्यार्थी'ऐवजी ऱ्हस्व 'विद्यार्थि' लिहिले. भाषा चूक दाखवत नाही, रिकामी यादी हाती देते. किती विद्यार्थी असे विचारले तर उत्तर शून्य! शाळेत विद्यार्थीच नाहीत की आपला रस्ता चुकला, हे त्या शून्यावरून कळत नाही.

याहून गंभीर गोष्ट आपल्याकडची आहे. फाइलमध्ये गुण '८१' असे देवनागरी अंकांत लिहिले असतील तर एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीला ती संख्या वाटतच नाही. जी संख्या नाही तिच्याशी केलेली '३५ किंवा अधिक' ही तुलना असत्य ठरते. म्हणजे ८१ गुणांची मुलगी उत्तीर्णांच्या यादीतून गळते. त्यातून 'ज्यांचे गुण ३५ किंवा अधिक नाहीत असे विद्यार्थी' अशी नकारार्थी विचारणा केली, तर ती थेट अनुत्तीर्णांत जाऊन बसते. परीक्षेला गैरहजर असलेला, 'गुण' ही खूणच नसलेला मुलगाही तिच्या शेजारी येतो. सूचना कुठेच नाही.

रचनाकारांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एक्सएमएल दस्तऐवज एकसारखे नसतात. एखाद्याच्या नोंदीत मधले नाव नसेल म्हणून सारे काम थांबवणे योग्य नव्हे. त्यामुळे रिकामे उत्तर वैध मानणे आम्हाला पटते. पण 'नोंद नाही' आणि 'नोंद आहे, पण मला वाचता येत नाही' या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रयोगशाळेत शून्य वाचन आणि बंद पडलेले उपकरण यांत आपण फरक करतोच ना? २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी न वाचता येणारी संख्या आली की सामान्यतः चूक दाखवली जाते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु वेब ब्राउझरमध्ये अंगभूत असलेला एक्सपाथ अजून पहिल्याच आवृत्तीचा आहे, आणि खुणेच्या नावातली चूक दोन्ही आवृत्त्यांत बहुधा निमूटपणे पचते.

म्हणून वर्गात ही भाषा शिकवताना एक सवय लावावी, असे आम्ही सुचवतो. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न पहिल्यांदा विचारावा. हजेरीपटावर ४८ नावे असतील तर संगणकानेही ४८ मोजले पाहिजेत. मग उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि गैरहजर यांच्या याद्या वेगवेगळ्या काढून त्यांची बेरीज ४८ येते का, ते पाहावे. बेरीज जुळली तरी अनुत्तीर्णांच्या यादीतले गुण एकदा डोळ्यांखालून घालावेत. ८१ गुणांची मुलगी तिथेच सापडेल.