आरंभींचा राजा आणि अखेरचा राजा

राज्य स्थापणारा तो थोर आणि राज्य ज्याच्या हातून गेलें तो दुबळा, असा एक सोपा हिशेब आपल्या ऐतिहासिक वाङ्मयांत रूढ होऊन बसला आहे. नाटककारास व कादंबरीकारास तो सोयीचा वाटावा हें समजण्यासारखें आहे. परंतु चरित्रकारानेंही त्याच मापानें माणसें मोजावीं, हें शोचनीय होय.

साताऱ्याचेंच उदाहरण घ्या. इ. स. १६७४ त रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. १८४८ च्या एप्रिलांत शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज साताऱ्यास वारले, आणि त्यांचें दत्तविधान नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. पहिल्या पुरुषावर आपल्याकडे ग्रंथांची रास आहे. अखेरच्या दोघां बंधूंच्या वांट्यास बहुधा एखादा परिच्छेद येतो. कित्येक लेखक तर १८१८ सालीं पेशवाईबरोबरच मराठी राज्याची कथा आटोपती घेतात.

विशेष हें कीं, आद्य छत्रपतींच्या चरित्राची सामग्री पुरविण्यास या अखेरच्या पिढीचाच हात लागला. ग्रांट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां प्रतापसिंह महाराजांनीं आपले जुने कागद त्यास पाहूं दिले. इतर साधनांबरोबर त्यांचाही आधार घेऊन त्याचा त्रिखंडात्मक इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ सालीं जी टीका केली, तिनें आपल्या इतिहाससंशोधनास चालना दिली.

प्रतापसिंहांची खरी परीक्षा १८३९ सालीं झाली. १८१९ च्या तहान्वयें त्यांस परराज्यांशीं पत्रव्यवहार करण्याची मनाई होती; गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा व इतर आरोप त्यांजवर आले. अटी मान्य करून सही द्यावी, म्हणजे गादी राहील, असें गव्हर्नर कारनाक यानें सांगितलें. महाराजांनीं सही नाकारली, गादी गमावली, आणि १८४७ सालीं काशीस देह ठेवला. हें कृत्य दुबळ्याचें आहे काय? अर्थात् त्यांस दुसरे शिवाजी ठरविण्याचें कारण नाहीं. त्यांचें राज्य इंग्रजांनींच तोडून दिलेलें होतें, हें सत्य त्यांच्या कैवाऱ्यांनीं झांकतां कामा नये.

सांगलीकडे पाहिलें म्हणजे मुद्दा अधिक उघड होतो. १८०१ च्या सुमारास मिरजेपासून विभक्त होऊन संस्थान स्थापणारे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. १९४८ सालीं तें विलीन झालें त्या वेळचे अधिपतीही चिंतामणरावच! पहिल्यांच्या आश्रयानें १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, म्हणून त्यांचें नांव टिकलें. दुसऱ्यांचेंही राज्य गेलेंच. पण त्यांस कोणी दुबळे म्हणत नाहीं, कारण तें स्वतंत्र झालेल्या स्वदेशांत मिळालें. तात्पर्य, शेवट कसा व्हावा हें पुष्कळदां काळ ठरवितो. त्यावरून पुरुषाच्या शीलाचा निकाल लावतां येत नाहीं.

तेव्हां चरित्रकारानें आपल्या नायकाच्या हातीं काय आलें होतें तें आधीं पाहावें, आणि मग त्यानें त्याचें काय केलें तें सांगावें. हें माप संस्थापकास लावल्यानें त्याची थोरवी उणी होत नाहीं. पुण्याच्या एका जहागिरींतून स्वतंत्र राज्य उभें राहिलें, ही गोष्ट त्याच मापानें पाहिली म्हणजे तिचें मोल अधिकच कळतें.