देवमाशाच्या पोटातील एक कोटी तुकडे

‘निळा देवमासा दिवसाला प्लॅस्टिकचे एक कोटी तुकडे गिळतो’ हे वाक्य आपल्याही वाचनात आले असेल. त्याचे मूळ शिरेल काहाने-रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात आहे. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. निबंध चांगला आहे. हे वाक्य मात्र त्याच्या पुढे धावले आहे.

आधी भक्कम भाग पाहू. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ निळे, फिन आणि हंपबॅक अशा १९१ देवमाशांच्या अंगावर नोंदयंत्रे चिकटवली होती. देवमासा तोंड भरून पाणी घेतो, टाळूच्या झालरींतून ते बाहेर गाळतो आणि आत उरलेले क्रिल (कोळंबीसारखे लहान प्राणी) किंवा मासे गिळतो. हे तो किती वेळा व किती खोलीवर करतो, ते यंत्रांनी प्रत्यक्ष मोजले. बहुतेक खाणे ५० ते २५० मीटर खोलीवर होते.

तुकडे मात्र कोणत्याही देवमाशाच्या पोटात मोजलेले नाहीत. पाण्यात व भक्ष्यात किती प्लॅस्टिक असेल, झालरीत किती अडकेल, यासाठी इतर पाहण्यांतील आकडे आणि गृहीतके घेतली. म्हणूनच लेखकांनी कमी-अधिक अशा अनेक शक्यता मांडल्या. बातम्यांत ‘असू शकेल’ गळाले, आकडा उरला.

एक पडताळा विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. निबंधात वजनाचा अंदाज दिवसाला जास्तीत जास्त ४३.६ किलो आहे. त्याला एक कोटीने भागले, तर एक तुकडा सुमारे ४.४ मिलिग्रॅमचा ठरतो, म्हणजे तिळाच्या दाण्याहून थोडा जड. जेमतेम दोन सेंटिमीटरच्या क्रिलच्या पोटात असे तुकडे सर्रास असतील का? हे दोन आकडे शेजारी ठेवून सांगण्याआधी ही शंका यायला हवी.

माझ्या मते निबंधाचा खरा मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे. गिळलेल्या प्लॅस्टिकपैकी ९९ टक्के पाण्यातून नव्हे, तर भक्ष्याच्या पोटातून येते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दोष गाळणीचा नाही, ताटातल्या अन्नाचा आहे. हेही अनुमानच; पण क्रिल पकडून, त्यांतील तुकडे मोजून ते तपासता येते.

तेव्हा वर्गात एक कोटीचा आकडा जरूर सांगावा. त्याआधी फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘मोजलेले’ आणि ‘मानलेले’.