एका खेळाची गुणपत्रिका

गुण देणे हा आम्हां शिक्षकांचा रोजचा उद्योग. उत्तरपत्रिका समोर आली की तांबडे पेन आपोआप चालू लागते. परंतु दहापैकी साडेसहा दिले, तर उरलेले साडेतीन कुठे आणि का कापले हे विद्यार्थ्याला, आणि त्याहून अधिक त्याच्या पालकांना, सांगण्याची तयारी ठेवावी लागते. ती तयारी नसेल तर त्याला गुण म्हणता येत नाही, तो नुसता आकडा होतो. गेली काही वर्षे व्हिडिओ गेमची परीक्षणे मी आवडीने वाचतो आहे, आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहिला की माझ्यातला परीक्षक जागा होतो. कशाचे हे गुण? कापले ते कुठे?

साहित्याच्या अंकात व्हिडिओ गेम कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. याचे उत्तर आपल्या घरातच आहे. आपली मुले आज ज्या कथांमध्ये सर्वांत जास्त वेळ राहतात, त्या बहुतेक पडद्यावर खेळून पाहायच्या कथा आहेत. ‘अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून ओळखला जाणारा साहसखेळ आठ तासांपासून पंचवीस तासांपर्यंत चालतो. म्हणजे एका जाडजूड कादंबरीएवढा वेळ मुलगा त्या नायकाच्या सोबतीत घालवतो. या खेळांना परंपराही आहे. जॉर्डन मेकनर याने १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तयार केला, तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली बेतल्या. १९९६ साली ‘टूम रेडर’मधून लारा क्रॉफ्ट आली. तेव्हापासून चढणे, कोडी सोडवणे, लढणे आणि या सर्वांतून एक गोष्ट पुढे नेणे, हा या प्रकाराचा साचा ठरून गेला आहे. ज्याला साचा आहे, त्यात उत्तम-मध्यम-कनिष्ठ असा भेद असणारच. आणि भेद आला की समीक्षा आली.

आता या क्षेत्रातली समीक्षा कशी चालते ते पाहू. जपानमधील ‘फामित्सू’ हे नियतकालिक चार परीक्षकांकडून प्रत्येकी दहापैकी गुण घेऊन चाळीसपैकी बेरीज देते. पैकीच्या पैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या खेळाला. पुढे २००१ साली ‘मेटाक्रिटिक’ सुरू झाले. अनेक परीक्षकांचे गुण शंभरच्या मापात आणून त्यांची सरासरी काढणे हे त्याचे काम. सोय मोठी झाली, पण सरासरी आली आणि कारणे मागे पडली. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा २०१० सालचा, थोड्या वेगळ्या जातीचा खेळ. सरासरी ८५ आली असती तर तो बनवणाऱ्यांना जादा मोबदला मिळायचा होता. आली ८४, आणि तो हुकला, असे त्यांच्यातल्याच एका लेखकाने २०१२ साली जाहीरपणे सांगितले. एका गुणाने नापास होणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. पण तिथे निदान फेरतपासणीचा अर्ज तरी करता येतो.

परीक्षकांबरोबर चाहतेही गुण देतात. चाहत्याचा एक मोठा गुण असा की तो खेळ शेवटपर्यंत खेळतो, पुन्हा खेळतो, आधीच्या भागांशी ताडून पाहतो. पगारी परीक्षकाला मुदत असते, चाहत्याला नसते. त्याचा दोषही तितकाच मोठा. खेळ बाजारात येण्याआधीच त्याचे मत ठरलेले असते. ‘द लास्ट ऑफ अस, पार्ट टू’ जून २०२० मध्ये आला. खेळ पुरा करायला पंचवीसएक तास लागतात. पण पहिला दिवस मावळायच्या आत शून्य आणि दहा अशा गुणांचा पाऊस पडला होता. त्यानंतर पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने खेळ निघाल्यावर पहिले ३६ तास वाचकांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. आपल्या भाषेत ‘भक्त’ आणि ‘रसिक’ असे दोन वेगळे शब्द आहेत. भक्ताला दैवताचे दोष दिसत नाहीत, आणि दैवत मनासारखे वागले नाही तर तो त्याला पाण्यात बुडवून ठेवायलाही कमी करत नाही. रसिकालाही प्रेम असते, पण त्याला त्या प्रेमाची कारणे सांगता येतात.

कारणे सांगता येणे, हाच माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा. मागे एकदा नववीच्या वर्गाला मी आवडत्या खेळाला दहापैकी गुण देऊन त्याचे कारण लिहायला सांगितले होते. बहुतेकांनी नऊ किंवा दहा दिले, आणि कारणाच्या जागी ‘एकदम भारी’, ‘ग्राफिक्स मस्त’ एवढेच. एका मुलीने मात्र थोरल्या भावाबरोबर खेळलेल्या २०१३ सालच्या ‘टूम रेडर’ला सहा गुण दिले होते आणि दीड पान लिहिले होते. तिचे म्हणणे असे : लारा पहिल्यांदा माणूस मारते तेव्हा हादरून जाते, तिला रडू येते; ते पाहून आपल्यालाही वाईट वाटते. पण थोड्याच वेळात ती डझनांनी माणसे मारते आणि तिला काहीच वाटत नाही. ‘मग ते रडणे खोटे होते का?’ असा तिने प्रश्न केला होता. कथा एक सांगते आणि खेळणाऱ्याच्या हातून वेगळेच करवून घेते, ही या खेळांची जुनी दुखरी जागा आहे. त्या मुलीने कोणताही ग्रंथ न वाचता तिच्यावर बरोबर बोट ठेवले. तिचे सहा गुण हे खरे गुण.

याच रीतीने आपण एक खेळ तपासू. मुद्दाम आपल्या मुलखाशी संबंधित निवडला आहे : ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’. अमेरिकेतील नॉटी डॉग या कंपनीचा हा खेळ ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशनवर आला. २०२२ मध्ये संगणकावरही आला. मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ८४. कथा घडते पश्चिम घाटात, आणि शोध आहे होयसळ राजांनी जपलेल्या गणपतीच्या सुळ्याचा. क्लोई फ्रेझर ही भारतीय पित्याची मुलगी आणि नादीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची माजी भाडोत्री सैनिक, अशा दोन बायका तो शोधायला निघतात. त्यांच्या पाठीवर आसव नावाचा बंडखोर पुढारी. बेलूर-हळेबीडला सहलीने जाऊन आलेल्या आपल्या मुलांनी हा खेळ खेळावा आणि त्यावर बोलावे, यापेक्षा योग्य विषय कोणता?

आधी खेळण्याची रचना. सुरुवातीच्या प्रकरणांनंतर आपल्याला एक जीप मिळते आणि घाटातला मोकळा मुलूख. त्रिशूळ, परशू आणि धनुष्य या चिन्हांचे तीन कोट कोणत्या क्रमाने गाठायचे, हे खेळणारा ठरवतो. या मालिकेत एरवी खेळणाऱ्याला एका ठरीव वाटेने हाकत नेतात. इथे चुकायला आणि रेंगाळायला जागा आहे. कोड्यांत सावल्यांचे कोडे विशेष सुंदर. मूर्तींचे तुकडे फिरवून त्यांच्या सावल्यांतून भिंतीवर चित्र जुळवायचे. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या किंवा कर्नाटकातील तोगलु गोंबेयाट पाहिलेल्या माणसाला ते चटकन आपले वाटते. लढाया मात्र त्याच त्या : आडोसा, गोळीबार, पुन्हा आडोसा. शेवटची आगगाडीवरची झटापट थरारक आहे, पण मालिकेच्या जुन्या भागांतील थराराचीच ती पुनरावृत्ती.

कथा आणि पात्रे. दोन नायिका, एकीचाही प्रेमप्रसंग नाही. अविश्वासातून मैत्रीकडे जाणारा प्रवास जीपमधल्या गप्पांतून हळूहळू उलगडतो. क्लोईचे वडील या सुळ्याच्या ध्यासापायी गेले. परशुरामाला दारात अडवणारा गणपती, शंकराने दिलेला तो परशू ओळखून वडिलांच्या शस्त्राचा मान राखण्यासाठी घाव दातावर झेलतो, ही आपल्या आज्यांनी सांगितलेली कथा आहे. बाप आणि मूल यांची ही कथा क्लोईच्या दुःखाला नेमकी लागू पडते. शिवाय परशुरामाची गोष्ट सह्याद्रीत मांडणे उचितच. कोकण आणि गोव्याची भूमी त्यानेच समुद्राकडून मिळवली असे आपण मानतो. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या हत्तीला दोघी सोडवतात आणि त्याच्या पाठीवरून जातात, त्या प्रसंगात बंदूक म्यान होते आणि खेळ मोठा होतो. आसव हा मात्र ठोकळा. तो कशासाठी लढतो, त्याच्या मागे माणसे का जातात, याचा पत्ता लागत नाही.

आता स्थळ. दृश्ये अप्रतिम आहेत यात वाद नाही. पावसाने धुतलेले डोंगर, धबधबे, लाल माती पाहून आंबोलीची किंवा चोर्ला घाटाची आठवण होते. पण होयसळांची कला? खेळातले देव डोंगराएवढे आहेत, कडे कोरून उभे केलेले. खरे हळेबीड, म्हणजे त्या काळचे द्वारसमुद्र, घाटाच्या पूर्वेला मोकळ्या पठारावर तळ्याकाठी आहे. विष्णुवर्धनाच्या काळात १११७ साली उभारलेले बेलूरचे चेन्नकेशवाचे देऊळ काय, हळेबीडचे होयसळेश्वराचे काय, आज दोन्हींवर शिखर नाही. त्यांचे थोरपण उंचीत नाहीच. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि हवा लागल्यावर कठीण होणारा तो दगड कारागिरांनी सोनाराच्या हाताने कोरला. हत्तींची रांग, घोड्यांची रांग, त्यावर वेलबुट्टी, त्यावर पुराणकथा, असे थरावर थर पाहायला चांदणीसारख्या जोत्यावरून देवळाभोवती हळूहळू फिरावे लागते, वाकावे लागते, डोळा दगडाजवळ न्यावा लागतो. मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी आपल्या मूर्तींवर स्वतःची नावे कन्नडमध्ये कोरून ठेवली आहेत. २०२३ साली बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, ते या कामामुळे.

कल्पनेला मोकळीक नसावी असे माझे म्हणणे नाही. साहसकथा म्हणजे पुरातत्त्व खात्याचा अहवाल नव्हे. माझा आक्षेप खेळ म्हणूनच आहे. शोधाच्या खेळाला याहून चांगली सामग्री कोणती मिळणार होती? जवळून पाहा, थर वाच, कारागिराचे नाव शोध, आणि त्यातून पुढची वाट काढ, असे कोडे होयसळांच्या भिंतींवर तयारच होते. ते सोडून बनवणाऱ्यांनी दुरून मान वर करून पाहायचे भव्य पुतळे उभे केले. त्यांवर नायिका उड्या मारतात आणि त्यांचा पाय लागेल ती वास्तू कोसळते. अखेरीस सुळा संस्कृती मंत्रालयाच्या हवाली करायची गोष्ट निघते हे खरे, पण तोवर जे पडायचे ते पडून गेलेले असते. मी वाचलेल्या परीक्षणांत दृश्यांची तारीफ भरपूर होती. या दृश्यांत होयसळ किती, हा प्रश्न नव्हता. त्यात परीक्षकांचा फारसा अपराध नाही. हळेबीडचा दगड ज्याने जवळून पाहिलेला नाही, त्याला हे कसे दिसावे?

तेव्हा माझी गुणपत्रिका अशी. खेळण्याची रचना : २५ पैकी २१. दृश्य आणि ध्वनी : २५ पैकी २३. कथा व पात्रे : २५ पैकी १९. स्थळाचा उपयोग : २५ पैकी ११. एकूण १०० पैकी ७४. प्रथम श्रेणी, पण विशेष योग्यता नाही. सरासरीहून हे गुण दहांनी कमी आहेत, आणि ते कुठे कमी झाले हे वाचकांसमोर आहे. कोणी म्हणेल, स्थळाला इतके वजन कशाला? जरूर म्हणावे. आमचे भांडण मग आकड्याचे न राहता देवळाचे होईल आणि ते अधिक चांगले भांडण असेल.

या सीमाभागात आपली मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत आणि बाजारात कन्नड, आणि खेळाच्या पडद्यावर इंग्रजी ऐकतात. तीन भाषा असूनही ‘भारी’ या एका शब्दापुढे त्यांची रसिकता जात नसेल, तर तो दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी विचारलेलेच नाही. आपण घरात ‘किती वेळ खेळतोस?’ एवढेच विचारतो. ‘दहापैकी किती देशील, आणि बाकीचे कुठे कापलेस?’ असे विचारून पाहावे. शाळांच्या हस्तलिखितांत आणि भित्तिपत्रकांत पुस्तक-परीक्षणाशेजारी खेळाच्या परीक्षणाला एक चौकोन द्यावा. अट एकच ठेवावी : खेळ पुरा केल्याखेरीज गुण द्यायचे नाहीत, आणि कापलेल्या प्रत्येक गुणाचे कारण लिहायचे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्या भाषेत ते नीट सांगता येईल त्या. आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात हा चौकोन या सत्रापासून आखून ठेवला आहे. पहिले परीक्षण याच ‘लॉस्ट लेगसी’चे आले असून, दहावीच्या एका मुलाने माझे स्थळाचे अकरा गुण फार कमी असल्याचे सात कारणे देऊन लिहिले आहे. त्यातली दोन मला मान्य आहेत. उरलेल्या पाचांवर सुट्टीनंतर बोलायचे ठरले आहे.