विड्याचें सामर्थ्य

अकोट व अंजनगांव सुर्जी या बाजूच्या पानमळ्यांतून नागवेलीप्रमाणेंच पानपिंपळीचें पीक निघतें. अलीकडे सफेद मुसळीचीही लागवड होते. तिहींस कामोद्दीपक म्हणून लौकिक आहे. मुसळीच्या जाहिराती वाचल्या म्हणजे मात्र वाटतें कीं, प्रीति ही चूर्ण करून डबींत भरावयाची वस्तु असावी! इतकें नीरस शृंगारिक वाङ्मय आमच्या पाहण्यांत नाहीं.

त्याच्या शेजारीं राजा बढे यांची ‘कळीदार कपुरी पान’ ही लावणी ठेवून पाहावी. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजांत ती बहुतेक वाचकांनीं ऐकिलीच असेल. कवि पानाच्या औषधी गुणांचा हवाला देत बसत नाहीं. चुना, कात, वर्ख अशी विड्याची सिद्धता तो सावकाश सांगतो, आणि त्या सावकाशींतच आर्जव वाढत जातें. विडा रंगेल तितकी प्रीति, ही आमच्याकडील जुनी समजूत. रंग चुना व कात यांच्या संयोगाचा, हें ठाऊक असूनही ती टिकली आहे.

कवीचें असो, वैद्यक काय म्हणतें? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वाजीकरणाचा अध्याय आहे. दूध, तूप, उडीद, पिंपळी यांचे पाक तेथें पुष्कळ. परंतु त्यांच्याही आधीं श्रेष्ठ वाजीकरण म्हणून मनास आल्हाद देणारी स्त्रीच सांगितली आहे. ग्रंथकाराची दृष्टि जाहिरातदारापेक्षां खोल खरी, पण तिलाही त्यानें औषधांच्याच पंक्तीस बसविलें! लावणीही पुरुषानेंच रचिली. तथापि तींत बोलते ती स्त्री, आणि विडा घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न पुरुषापुढें आहे.