मनासारखा माणूस आणि उरीया हित्ती

आजचा विषय दावीद राजा. सभागृहातल्या ख्रिस्ती मंडळींना तो लहानपणापासून ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगून टाकू. बेथलेहेमचा मेंढपाळ पोरगा, गोफणीच्या दगडानं गल्याथाला पाडणारा, पुढे यरुशलेमेत राज्य करणारा, आणि परंपरेनं ज्याच्या नावावर कितीतरी स्तोत्रं सांगितली जातात तो. ह्याच दाविदानं आपल्या सैन्यातल्या एका वीराची बायको राजवाड्यात बोलावून घेतली, ती गरोदर राहिली, आणि प्रकरण झाकेना तेव्हा तिचा नवरा लढाईत मरेल अशी व्यवस्था केली. आणि बायबल म्हणतं, हा माणूस देवाच्या मनासारखा.

हा पेच जुना आहे, आणि त्यावरचं उत्तरही आता ठरून गेलंय. नम्रता, धैर्य, विश्वास, कृतज्ञता, पश्चात्ताप अशी दाविदाच्या गुणांची यादी करायची, प्रत्येक गुणाला एकेक प्रसंग जोडायचा, आणि बथशेबेचं प्रकरण 'पश्चात्ताप' ह्या मुद्द्याखाली उरकून टाकायचं. ह्यातला एकेक गुण कथेत सापडतो, ते आम्ही नाकारत नाही. आमची तक्रार एवढीच की यादी वाचून संपते तेव्हा मेलेला माणूस तिच्यात कुठेच नसतो. आणि ही यादी कोणाच्या कामी येते तेही आपण पाहतो. कुणी लोकप्रिय उपदेशक, बाबा, पुढारी अडचणीत सापडला की त्याची माणसं म्हणतात, 'दाविदानंही पाप केलंच होतं की.' आपल्याकडे त्याला 'देव भावाचा भुकेला' हेही जोडलं जातं. मग तक्रार घेऊन आलेल्या बाईलाच ऐकवलं जातं, तू आता क्षमा कर. तेव्हा ही कथा कशी वाचायची हा नुसता पंडितांचा प्रश्न राहत नाही.

आधी तो शब्द पाहू. 'मनासारखा' हा शब्दप्रयोग येतो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १३व्या अध्यायात. शौल राजाला शमुवेल संदेष्टा बजावतो की तुझं राज्य टिकणार नाही, देवानं दुसरा माणूस पाहून ठेवलाय. गंमत अशी की तिथे दाविदाचं नावसुद्धा नाही. तो कथेत प्रवेश करतो १६व्या अध्यायात. म्हणजे ज्या गुणांची आपण यादी करतो त्यांतला एकही दिसण्याआधीच हे वर्णन होऊन गेलंय! मराठीत आपण 'मनासारखं स्थळ मिळालं' म्हणतो, तेव्हा मुलाचं मन आपल्या मनासारखं आहे असं थोडंच म्हणायचं असतं? आपल्याला पसंत पडलं, एवढाच अर्थ. मूळ हिब्रू शब्दप्रयोगही ह्या दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पुढच्याच अध्यायात योनाथानाचा शस्त्रवाहक त्याला जवळजवळ त्याच शब्दांत सांगतो, की तुमच्या मनात येईल ते करा, मी बरोबर आहे. तिथे चारित्र्याचा काही संबंध नाही. 'मनासारखा' म्हणजे देवाची इच्छा पाळणारा, हा अर्थ ठसठशीत होतो तो नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांमधल्या पौलाच्या भाषणात. प्रवचनकार बहुतेकदा पौलाचा दावीद शमुवेलाच्या पुस्तकात नेऊन बसवतात.

मग निवडीला काहीच कारण नव्हतं का? आम्हाला वाटतं, कथाकार कारण सांगत नाही, पण एक गोष्ट वारंवार दाखवतो, आणि ती कळायला शौल शेजारी ठेवावा लागतो. १५व्या अध्यायात शौलाला अमालेक्यांचा संपूर्ण संहार करायची आज्ञा असते. ती आज्ञाच आजच्या वाचकाच्या अंगावर काटा आणते, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. शौल अगाग राजाला आणि चांगली चांगली गुरंमेंढरं राखून ठेवतो. आपल्या हिशेबानं हा गुन्हा दाविदाच्या खुनापुढे काहीच नाही. तरी राज्य जातं शौलाचं. म्हणजे पापाचं वजन हा इथला काटा नाही.

शौलाचं बोलणं बघा. आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडताहेत! मग म्हणतो, ती लोकांनी आणली. मग, ती देवाच्या यज्ञासाठीच आणली. शेवटी पाप कबूल करतो, पण लगेच म्हणतो की लोकांची भीती वाटली. आणि पुन्हा कबूल करतो तेव्हा त्याला जोडून मागणी काय, तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा. 'मी पाप केलं' ह्या शब्दांत मुळात काही जादू नाही. निर्गम पुस्तकात मिसरचा फारोही ते म्हणतो, दोनदा. दाविदाकडे नाथान येतो तेव्हा दावीदही तेच म्हणतो. फरक असा, की दाविदाचं वाक्य तिथेच थांबतं. मूळ हिब्रूत ते दोन शब्दांचं आहे. पुढे 'पण' नाही, मागणी नाही.

आणि हे अचानक आलेलं नाही. अपमान केला म्हणून नाबालाच्या घरातले सगळे पुरुष कापायला दावीद निघालेला असतो, वाटेत नाबालाची बायको अबीगईल त्याला अडवते, आणि तो चक्क ऐकतो, वर तिचे आभार मानतो. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी पळून जाताना शिमी नावाचा माणूस त्याला शिव्या देतो, दगड मारतो. अबीशय म्हणतो, ह्याचं डोकं उडवू का? दावीद म्हणतो, राहू दे, कदाचित देवानंच त्याला सांगितलं असेल. स्वतःविरुद्ध बोललेलं ऐकून घेता येणं, हा तो गुण. राजांमध्ये दुर्मीळ, आणि राजे नसलेल्यांमध्येही फार आढळतो असं नाही.

पण इथेच थांबलो तर आपणही एका कलमाची यादीच केली असं होईल. कथाकार आपल्याला तसं सुखानं बसू देत नाही. त्याच शिमीचा हिशेब मरणशय्येवरचा दावीद शलमोनाला चुकता करायला सांगतो. आणि तामार? दाविदाची मुलगी. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. दावीद ऐकतो, फार रागावतो, आणि करत काहीच नाही. संदेष्ट्याचं ऐकणारा, शहाण्या बाईचं ऐकणारा, सेनापती यवाबाचे खडे बोलही ऐकून घेणारा हा राजा मुलीशी एक शब्द बोलल्याची नोंद नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला मारतो, आणि घर पेटतं ते पेटतंच.

आता शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११वा अध्याय. वसंत ऋतू, राजांनी लढाईला जायचे दिवस, आणि दावीद घरी. सगळ्या अध्यायभर 'पाठवणं' हे क्रियापद चालू असतं. दावीद चौकशीला पाठवतो, बथशेबेला आणायला पाठवतो, उरीयाला रणांगणावरून बोलावणं पाठवतो. बथशेबेच्या तोंडी ह्या अध्यायात एकच निरोप आहे, गरोदर असल्याचा. तोही हिब्रूत दोनच शब्दांचा. तिची इच्छा काय होती हे कथाकार विचारत नाही. उरीया येतो. राजा सांगतो, घरी जा. तो जात नाही, राजवाड्याच्या दारात नोकरांबरोबर झोपतो. कारण सांगतो ते असं, की कराराचा कोश आणि सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसं? दुसऱ्या दिवशी राजा त्याला दारू पाजतो, तरी तो जात नाही. परका हित्ती माणूस, नावाचा अर्थ 'परमेश्वर माझा प्रकाश', आणि दारूच्या अंमलाखाली तो शुद्धीतल्या राजापेक्षा जास्त धार्मिक! स्वतःच्या मरणाची चिठ्ठी तोच यवाबाकडे घेऊन जातो. लढाईत तो एकटा मरत नाही, इतर शिपाईही पडतात. दावीद यवाबाला निरोप धाडतो, मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज ह्याला खाते, उद्या त्याला.

हिब्रूत त्या निरोपाचे शब्द साधारण 'तुझ्या दृष्टीला हे वाईट दिसू नये' असे आहेत. आणि अध्यायाच्या शेवटी कथाकार तेच शब्द उचलतो: दाविदानं केलेलं परमेश्वराच्या दृष्टीला वाईट दिसलं. बस. मनासारख्या माणसाबद्दलचा हा निकाल आहे. पुढचा अध्याय सुरू होतो तो परमेश्वरानं नाथानाला 'पाठवलं' ह्यानं.

आपल्याकडच्या वाल्या कोळ्याची गोष्ट इथे आठवते. खून केला की रांजणात एक खडा. असे सात रांजण भरले. मग वाल्याचा वाल्मीकी झाला, आणि आपण समाधानानं गोष्ट संपवतो. खड्यांना नावं नाहीत. दाविदाच्या कथेतल्या खड्याला नाव आहे, आणि ते नाव जात नाही.

ते घालवायचे प्रयत्न झाले. ५१वं स्तोत्र पाहा, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आजही चर्चमध्ये म्हटलं जातं. त्याच्या मथळ्यात नाथानाच्या भेटीचा उल्लेख आहे, आणि आत पाप केवळ देवाविरुद्ध घडल्याची कबुली. प्रार्थना म्हणून ती फार मोठी आहे. उरीयाच्या प्रकरणाचं उत्तर म्हणून वाचली तर अपुरी आहे, असं आम्हाला स्पष्ट वाटतं. शेवटी यरुशलेमेचे कोट बांधण्याची विनंती येते, त्यावरून अनेक अभ्यासक निदान तो भाग तरी बऱ्याच नंतरचा मानतात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तर २०वा अध्याय तशाच वसंत ऋतूनं सुरू होतो, दावीद घरी राहतो, आणि यवाब राब्बा नगर जिंकतो. मधलं सगळं गायब. दाविदाचं चारित्र्य स्वच्छ, आणि म्हणून बेचव.

उलट राजांच्या पहिल्या पुस्तकात, १५व्या अध्यायात, दाविदाची तोंडभर स्तुती करता करता लेखक मध्येच अपवाद नोंदवतो: उरीया हित्तीचं प्रकरण सोडून. मत्तय येशूची वंशावळ देताना तामार, राहाब, रूथ ह्यांना नावानं सांगतो. शलमोनाच्या आईपाशी आला की म्हणतो, उरीयाची जी होती ती. ह्यात बथशेबेचं स्वतःचं नाव जातं, हे खरंच. पण उरीयाचं परत येतं.

आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, २३व्या अध्यायात, दाविदाच्या शूर वीरांची यादी आहे. नावांमागून नावं, कंटाळवाणी. वाचक ती सहसा ओलांडून जातात. शेवटचं नाव उरीया हित्ती, आणि त्यापुढे बेरीज, ३७. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातही, ११व्या अध्यायात, ही यादी आहे. तिथे उरीयाच्या नावापुढे आणखी नावं जोडलेली आहेत, त्यामुळे तो मधेच कुठेतरी येतो. काढून मात्र टाकलेला नाही.