पाचमुखी

महाशिवरात्रीला आमच्या घरी पूर्वी दोनच वस्तू आणाव्या लागत : बेलाची पानं आणि कवठं. यंदा हिने हातात ठेवलेली यादी वाचून माझा तिसरा डोळा उघडायचाच काय तो बाकी राहिला. रुद्राक्षमाळ, गोमुखी, स्फटिकाचं शिवलिंग (लहान), भस्म, दर्भासन. सोसायटीच्या हॉलमध्ये रात्रभर सामुदायिक ध्यान होतं आणि ‘साहित्य ज्याचे त्याने आणावे’ अशी नोटीस लागली होती. ध्यानाला साहित्य लागतं हे मला नवीन होतं. ऑफिसात मी इतकी वर्षं विनासाहित्य करत आलो.

“माळ आहे की घरात, बाबांची,” मी म्हटलं.

“अहो, ती? चारचौघांत?”

तिचंही खरं होतं. एकशे आठांतले सात मणी कधीच गळाले होते आणि त्या जागी आईने तुळशीचे ओवले होते. शैव-वैष्णवांचा वाद आमच्या घरात असा सुईदोऱ्याने मिटला होता. तरी किंमत विचारायला म्हणून मी ती दुकानात नेली. “साधे पाचमुखी आहेत साहेब,” दुकानदार म्हणाला आणि माळ त्याने दोन बोटांनी परत केली.

रुद्राक्षाच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत जी रेघ जाते, ते त्याचं मुख. हे झाड नेपाळात होतं, जावा-सुमात्राकडेही होतं, आणि त्याला बहुतेक फळं धरतात ती पाचमुखीच. थोडक्यात, पाचमुखी म्हणजे रुद्राक्षांतला मध्यमवर्ग. त्याला कोण विचारतो? भाव एकमुखीला! मग निसर्ग कमी पडला तिथे माणसं कानस घेऊन बसली. कुठे रेघ कोर, कुठे बुजव. मला दाखवलेला एकमुखी तर चक्क काजूसारखा होता. “पाण्यात टाकून बघा, बुडतो!” बुडण्यावरूनच पारख करायची, तर मी पैसे गुंतवलेल्या चिटफंडाइतकं अस्सल जगात काही नाही. शेवटी एक गुळगुळीत, नवी कोरी माळ घेतली.

हॉलमध्ये “तुमचा कितीमुखी?” ही चौकशी, दहावीच्या मुलाचे टक्के विचारावेत त्या सुरात चालली होती. कर्ण्यातून “मन शांत करा” असं इतक्या जोरात सांगत होते की दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं मूल रडत उठलं. डोळे मिटलेल्यांचे फोटो मोबाइलवर काढायला काही जणांना डोळे उघडे ठेवणं भाग होतं. मध्ये फराळ : साबुदाणा, बटाटा, मिरची, दाणे. सगळं मूळचं अमेरिका खंडातलं आणि सगळं उपासाला चालतं. वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही. मनाला टेकायला काहीतरी लागतंच. पण माळ जप मोजायला असते. आम्ही माळाच मोजत बसलो होतो.

दुसऱ्या प्रहरी, उशी आणायच्या निमित्ताने, मी घरी सटकलो.

देवापाशी समई होती आणि आई भिंतीला टेकून बसली होती. हातात बाबांची माळ. मणी सरकत नव्हता. मान जराशी कलली होती. मी हाक मारायला गेलो आणि आवाजच फुटेना. बाबा गेले तेव्हा असेच बसलेले सापडले होते. किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. मग अंगठा हलला. रुद्राक्ष सरकला, त्यामागून तुळशीचा एक, पुन्हा रुद्राक्ष.

“दार लोटून घे रे,” डोळे न उघडता आई म्हणाली, “डास येतात.”

मी दार लोटलं आणि उशी घेऊन तिथेच बसलो.