रेटिक्युलम-२ आणि ‘एकाच घटने’चे अनुमान

रेटिक्युलम-२ ही आकाशगंगेची क्षुद्र अनुचर दीर्घिका २०१५ साली सापडली. तिच्याविषयी अलेक्झांडर जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे महत्त्व वादातीत आहे. नऊपैकी सात ताऱ्यांत युरोपियमादी जड मूलद्रव्ये तत्सम दीर्घिकांतील ताऱ्यांहून शेकडो पटींनी अधिक आढळली. सामान्य अतिदीप्त नवताऱ्यांनी ती निर्माण केली असती, तर अशा सर्वच दीर्घिकांत थोडीफार दिसावयास हवी होती. तशी ती दिसत नाहीत. तेव्हा घटना विरळ पण विपुल द्रव्य देणारी होती, हे अनुमान मान्य करावे लागते.

परंतु ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचीच होती, हे पुष्कळांचे गृहीत तितके भक्कम नाही. निबंधाचे शीर्षक केवळ ‘एकच घटना’ म्हणते. हा संयम त्याच्या चाहत्यांनी राखला नाही. अशा मीलनात जड मूलद्रव्ये घडतात, हे २०१७ साली दिसले खरे. तथापि जन्मकाळच्या हिसक्याने असे युग्म एवढ्या दुर्बल गुरुत्वाकर्षणातून निसटू शकते; आणि मीलनास विलंब झाला, तर नव्या ताऱ्यांसाठी वायूच उरत नाही. वेगाने फिरणाऱ्या, तीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या ताऱ्याचा विरळ स्फोट हा पर्याय म्हणूनच शिल्लक राहतो. केवळ युरोपियमाच्या राशीवरून दोहोंत निवाडा होणे नाही. ज्यांत ही द्रव्ये आढळलीच नाहीत, ते उरलेले दोन तारे अधिक बोलके वाटतात. लोहानेही ते दरिद्री असल्याने बहुधा घटनेपूर्वीचे असावेत. त्यांच्या व त्या सातांच्या जन्मांत किती काळ लोटला, हे आधी ठरावयास हवे.